खालची पट्टी

३ मार्च, सोमवार

शनिवारी गळ्याचं ऑपरेशन झालं, आज घरी आले. गाठ साधीच निघाली. पण तीन आठवडे एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुज तर बोलण्याहून वाईट, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. ही डॉक्टरीण सातवीत माझ्या गायनाच्या तासाला होती आणि तेव्हा मी तिला सारखी गप्प बसवायचे. तिने त्याचं उट्टं काढलं नसेल असं धरून चालू.

लेकीने बोलण्यासाठी एक पाटी आणली आणि ही वही. पाटीवर चार ओळी मावतात. मला दिवसाला चारशे बोलायच्या असतात. उरलेल्या इथे.

चिंता एकच आहे. १२ एप्रिलला मोठ्या गावात अकरा गावांच्या गायकवृंदांचा मेळावा आहे. आम्ही तेवीस जण दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या दालनात गातो. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हापासून हा वृंद हेच माझं काम. दरवर्षी दुसऱ्यांची गाणी म्हणतो, यंदा पहिल्यांदा आपलं. चाल माझी, शब्द यांचे. तिसरं कडवं एकटीने म्हणायचं आहे, आणि ती एकटी मी.

'जमेल का?' असं पाटीवर लिहून दाखवलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बघू." मी शाळेत एकतीस वर्षं काढली आहेत. 'बघू'चा अर्थ मला माहीत आहे.

४ मार्च, मंगळवार

हे छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सवय गेलेली नाही. मी पाटीवर 'मिठ कमी' लिहिलं तर यांनी खडू घेऊन 'मि' दीर्घ केला आणि मग मीठ आणायला गेले.

जेवताना म्हणाले, "चौतीस वर्षांत आज पहिल्यांदा माझं वाक्य पूर्णविरामापर्यंत गेलं."

लेक हसली. ती सहा-सात आठवडे इथेच आहे. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडली, नवी २१ एप्रिलला सुरू होते. मधल्या सुट्टीत फिरायला जायचं सोडून आईची उस्तवार करायला आली. गुणी आहे. कामाला वाघ, हिशोबी डोकं, बोलणं मोजकं. गाण्याचं मात्र तिच्यात काही उतरलं नाही. रेडिओवर गाणं लागलं की उठून दुसऱ्या खोलीत जाते. माणसाला सगळंच मिळतं असं नाही.

६ मार्च, गुरुवार

आजची तालीम म्हणजे फजिती. मी पाटीवर 'वर' लिहिलं. आमचा बेकरीवाला खालच्या आवाजात गातो, त्याने गंभीरपणे विचारलं, "बाई, आवाज वर की खुर्चीवर?" सगळे पाच मिनिटं हसले. एरवी मी एक ओळ गाऊन दाखवली असती की संपलं असतं. मी टेबल बडवलं, पाय आपटले, खडू मोडला. पियानोवर बसणारे घड्याळजी बिचारे माझ्या तोंडाकडे बघत थांबून राहिले. ते घड्याळं दुरुस्त करतात, त्यांच्याइतका ताल गावात कुणाला नाही, आणि आज त्यांचाही चुकला.

लेकीने मला गाडीने नेलं. 'वर ये' म्हणून लिहिलं, तर म्हणाली, "मी गाडीतच बसते. पुस्तक आहे." दीड तास गाडीत. परतले तेव्हा काचा खाली आणि ती थंडीने काकडलेली. पुस्तक मागच्या सीटवर होतं. हा हट्टीपणा वडिलांकडचा.

९ मार्च, रविवार

एक गोष्ट लक्षात आली, ती लिहायला लाज वाटते. मी चाल बांधते म्हणजे आधी गाते आणि मग लिहून काढते. आता गाता येत नाही, म्हणून नुसती पियानोवर एकेका आवाजाची ओळ वाजवून पाहिली. वरच्या आवाजाची ओळ छान आहे. म्हणजे माझी. मधल्या आणि खालच्या आवाजांना मी तोच एक स्वर धरून उभं ठेवलंय, मांडवाच्या खांबांसारखं. बेकरीवाला दोन महिने एकच स्वर म्हणतोय आणि तक्रार करत नाही.

खालच्या आवाजासाठी नवी ओळ लिहायला घेतली. दुपारभर वाजवून पाहिली. लेक शेजारच्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. एवढ्याशा कपड्यांना तिला दोन तास लागले.

१३ मार्च, गुरुवार

आज ठरवलं, टेबल बडवायचं नाही. नव्या ओळी वाटल्या, घड्याळजींना खूण केली आणि हात बांधून उभी राहिले. पहिल्यांदा घसरले. दुसऱ्यांदा घसरले. मग पोस्टातल्या बाई, वरच्या आवाजातल्या आमच्या सगळ्यांत भरवशाच्या, मागे वळून म्हणाल्या, "जरा हळू म्हणू या. खालचे काय म्हणतायत ते मला ऐकूच येत नाही." हळू म्हटलं. एकमेकांचं ऐकत म्हटलं. आणि गाणं उभं राहिलं.

जाताना घड्याळजी म्हणाले, "बाई, रागवू नका. तुम्ही गाऊन दाखवता तेव्हा आम्ही तुमच्यासारखं गायला जातो. ते काही जमत नाही. आज आमच्यासारखं गायलो."

मी मान हलवली. रागवायला तोंड कुठे आहे?

गाडीत लेकीने विचारलं, "कशी झाली?" मी लिहिलं, 'बरी.' ती म्हणाली, "बरी कसली, छान झाली." खाली बसून हिला काय कळणार? पण मला बरं वाटावं म्हणून बोलली असेल.

१६ मार्च, रविवार

दुपारी मागच्या खोलीत पडले होते. स्वयंपाकघरातून माझ्या गाण्याची खालची ओळ ऐकू आली. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं, पण स्वर न् स्वर जागच्या जागी. मला वाटलं हेच. यांचा आवाज इतका बरा कधीपासून झाला म्हणून उठून बघायला गेले, तर हे खिडकीशी वर्तमानपत्रातल्या चुकांवर खुणा करत बसलेले, आणि लेक मोरीत भांडी घासतेय.

मला पाहिल्याबरोबर तिने नळ मोठा सोडला.

मी लिहिलं, 'तू गात होतीस?'

"नाही. भांडी घासत होते."

१७ मार्च, सोमवार

लेक बाजारात गेली तेव्हा यांच्यासमोर पाटी धरली, 'ही कधीपासून गाते?'

यांनी चष्मा काढला. चुका दुरुस्त करताना ते कधी चष्मा काढत नाहीत.

"तुला खरंच आठवत नाही?"

मी मान हलवली.

"नऊ वर्षांची होती. तुझ्या शाळेचं स्नेहसंमेलन. ही दुसऱ्या रांगेत. तालमीत तू हिला म्हणालीस, 'तू नुसते ओठ हलव.'"

खरं सांगायचं तर मला आठवत नाही. एखाद्याच दिवशीची गोष्ट असती तर आठवली असती. पण दरवर्षी पाच-सहा मुलं तरी अशी असायची. सूर लागत नाही, कार्यक्रम तोंडावर आला आहे, पालक समोर बसणार आहेत. मुलाला काढून टाकण्यापेक्षा हे बरं, असं मला वाटायचं. दयाळूपणाच वाटायचा.

"घरी येऊन आठवडाभर आरशासमोर उभी राहायची," हे म्हणाले. "ओठ बरोबर हलतायत की नाही ते बघायला. कुणाला कळू नये म्हणून."

'मला सांगितलं का नाही?' मी लिहिलं.

"सांगितलं होतं. तू म्हणालीस, कार्यक्रम चांगला झाला ना?"

या वाक्यात त्यांनी काहीच दुरुस्त केलं नाही. मी तसं म्हटलं असणारच.

१८ मार्च, मंगळवार

दिवसभर स्वतःची बाजू मांडत राहिले, मनातल्या मनात. चाळीस मुलं, एक पियानो, आठवड्यातून दोन तास. माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. संध्याकाळपर्यंत सगळे मुद्दे संपले आणि आरसा तेवढा राहिला.

१९ मार्च, बुधवार

माळ्यावरून शाळेच्या जुन्या वह्या काढल्या. स्नेहसंमेलनाची गाणी, एकतीस वर्षांची. सगळी एकाच पट्टीत. माझ्या. मला जिथे सोपं जातं तिथे मी शाळाभर पोरांना उभं केलं होतं.

मग रविवारी ऐकलेलं गुणगुणणं पियानोवर शोधलं. खाली जात गेले, जात गेले, तेव्हा सापडलं. हिचा आवाज तिथे राहतो. नऊ वर्षांची असतानाही बरोबरच्या मुलींपेक्षा खालीच असणार. मी तिला वर ओढत होते, ती चढताना घसरत होती, आणि मी म्हणत होते पोरीला सूर नाही. पोर बेसूर नव्हती. शिडी उंच लावली होती.

आणि बाकीची पाच-सहा, दरवर्षीची? त्यांचे आवाज कुठे राहत होते ते मी शोधलंच नाही.

२० मार्च, गुरुवार

सकाळी लेकीला समोर बसवलं आणि पाटीवर लिहू लागले. चार ओळी भरल्या, पुसल्या, पुन्हा चार. तिसऱ्यांदा पुसताना तिने माझा हात धरला.

"आई, तेवीस वर्षं झाली."

मी लिहिलं, 'तुझा आवाज खालचा आहे. चूक माझी. पट्टी चुकली.'

तिने ते बराच वेळ वाचलं. एवढ्या शब्दांना इतका वेळ लागत नाही.

"मी रागावलेली नाहीये," ती म्हणाली. "मला फक्त कंटाळा आलाय. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की सगळे गातात, आणि मी अजून ओठ हलवते. इतके छान हलवते ना, की शेजारचा म्हणतो, आवाज गोड आहे तुझा."

हे सांगताना ती हसत होती. मी हसू शकले नाही. नुसती रडले, तेही आवाज न करता. डॉक्टरीणबाई खूश झाल्या असत्या.

मग लिहिलं, 'आज वर येशील?'

"एका अटीवर. तू माझ्याकडे बघायचं नाहीस."

आली. बेकरीवाल्याने सरकून जागा दिली आणि स्वतःचा कागद तिच्यापुढे धरला. तिला कागद लागला नाही. गाडीच्या उघड्या काचांतून तिला सगळं पाठ झालेलं होतं, हे माझ्या टाळक्यात तेव्हा शिरलं.

मी बघितलं नाही. एकदाच बघितलं.

२२ मार्च, शनिवार

तीन आठवडे झाले. डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं, म्हणाल्या, जखम भरली. आता दिवसाला पाच मिनिटं बोला. मी "बरं" म्हटलं. खोलीत दुसरंच कुणी बोललं असं वाटलं. खडी भरलेली गाडी रिकामी करतात तसा आवाज.

"हा सुधारेल," त्या म्हणाल्या. "खडखड जाईल. पण बाई, खरं सांगते, वरचे स्वर परत येतील असं मला वाटत नाही."

घरी येताना गाडी लेक चालवत होती. मी खिडकीबाहेर बघत बसले. साठी उलटलेल्या बाईचा आवाज गेला, त्यात जगाचं काही अडत नाही. पण सकाळी उठल्यावर मी मी आहे हे मला त्या आवाजावरून कळायचं. आता कशावरून कळणार?

घरी लेकीने समजूत काढली नाही. ती पियानोपाशी गेली आणि खालचा एक स्वर दाबला. "साडेचार मिनिटं शिल्लक आहेत. इथून सुरू कर."

मान नकारार्थी हलवली. तिने स्वर दाबून धरला आणि स्वतःच तो गायला. माझ्यासमोर. पहिल्यांदाच. सरळ, जाड, कुठे न थरथरणारा स्वर. मी तिच्या मागे गेले. चरचरत, तुटत, पण लागला. तिच्या पट्टीत लागला. मग त्याखालचा. हे दारात उभे होते, हातात वर्तमानपत्र उलटं.

पाच मिनिटं झाल्यावर लेकीने झाकण बंद केलं. मी अजून एकदा म्हणून बोट दाखवलं, तर म्हणाली, "नाही म्हणजे नाही." शिक्षिका व्हायला हवी होती.

२७ मार्च, गुरुवार

निर्णय सांगितला. गाणं दोन स्वर खाली आणलं आहे. तिसरं कडवं एकटीचं नाही. ते खालच्या आवाजातले सहा जण मिळून म्हणतील.

शांतता पसरली. मला वाटलं सगळे भारावले. मग पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही वरच्यांनी काय, पाणी भरायचं?" कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि निघून गेल्या.

घड्याळजी हळूच म्हणाले, "त्यांना वाटत होतं, तुमचा गळा बसला तर ते कडवं त्यांना मिळेल. गेला महिनाभर घरी तयारी करत होत्या."

मला हे कसं दिसलं नाही? एका पोरीच्या बाबतीतली चूक दुरुस्त करताना दुसऱ्या बाईला ओठ हलवायला लावले.

२ एप्रिल, बुधवार

पोस्टात गेले. रांगेत उभी राहिले, नंबर आल्यावर खिडकीशी वाकून म्हटलं, "मला दिवसाला पंधरा मिनिटं बोलायची परवानगी आहे. त्यातली पाच तुमच्यासाठी आणली आहेत."

त्यांनी माझा नवा आवाज ऐकलेला नव्हता. गेल्या गुरुवारी मी सगळं पाटीवरच लिहिलं होतं. शिक्का हातात तसाच राहिला. "बाई, हा तुमचा आवाज?"

"हाच. तुम्हाला न विचारता ठरवलं, ते चुकलं. पण ते तिसरं कडवं वरच्यांशिवाय उभं राहत नाही. खालचे सहा जण वाट काढतील, पण त्यांच्यावर छप्पर तुम्हीच घालायचं. त्यासाठी नवी ओळ लिहिली आहे, खास तुमच्या गळ्याची. तुमचं वरचं टोक नक्की कुठे आहे ते मात्र मला माहीत नाही. दहा वर्षांत विचारलं नाही."

मागचा गृहस्थ म्हणाला, "अहो, मला पार्सल पाठवायचंय."

"थांबा हो जरा," पोस्टातल्या बाई म्हणाल्या, आणि खिडकीच्या आतूनच मला हळूच आपला सगळ्यात वरचा स्वर गाऊन दाखवला. पार्सलवाला गप्प झाला. मी तो स्वर तिथल्याच एका फॉर्मच्या मागे लिहून घेतला.

३ एप्रिल, गुरुवार

तेवीस अधिक एक, सगळे हजर.

१२ एप्रिल, शनिवार

मेळाव्याहून आत्ताच आलो. पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय निजणार नाही.

आमचा क्रमांक आठवा. दालन मोठं, पियानो चकचकीत, घड्याळजींचे हात गार पडलेले. माझं काम फक्त समोर उभं राहून हात हलवायचं. गेल्या कित्येक वर्षांत मी कधी नुसती समोर उभी राहिले नव्हते, अर्धं लक्ष नेहमी स्वतःच्या गळ्याकडे.

पहिलं कडवं जरा घाईत गेलं. दुसऱ्यात सावरले. मग वरचे थांबले आणि खालच्या सहा जणांनी यांचे शब्द उचलले:

कुणी आधी उठलं म्हणून
सगळ्यांची सकाळ झाली.

बेकरीवाला रोज गावाच्या आधी उठतो, त्याने ते गायलं नाही, सांगितलं. दालनातली खुसफूस थांबली. मी लेकीचा आवाज शोधत होते. अट मोडून तिच्याकडेच बघत होते. तिचं तोंड उघडं, गळ्याची शीर दिसतेय, ती गातेय हे नक्की. पण तिचा आवाज मला वेगळा ऐकू येईना. कान देऊन ऐकलं, तरी नाही. सहा जणांचा मिळून एकच आवाज होता आणि त्यात ती कुठेतरी होती. समूहात एकटा आवाज वर येऊ नये म्हणून मी जन्मभर लोकांच्या कानीकपाळी ओरडत आले. आज तो येत नव्हता आणि माझे डोळे भरून आले, मग हात कुणासाठी हलतोय तेच दिसेना. घड्याळजींनी सांभाळून घेतलं. शेवटी पोस्टातल्या बाईंनी छप्पर घातलं, त्या खिडकीतल्या स्वरापर्यंत गेल्या आणि तिथे थांबून राहिल्या.

टाळ्या चांगल्या पडल्या. सगळ्यात जास्त नाही, चौथ्या क्रमांकाच्या पोरांना जास्त पडल्या आणि ते बरोबरच होतं. पण दुसऱ्या एका वृंदाच्या बाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "या गाण्याची प्रत मिळेल का? आमच्याकडे खालचे आवाज पुष्कळ आहेत, त्यांना म्हणायला काही नसतं." यांनी प्रत दिली. देण्याआधी पेन काढून एक अनुस्वार घातला.

परतताना लेक गाडी चालवत होती. मी विचारलं, "कसं वाटलं?"

"घसा दुखतोय," ती म्हणाली. बरेच मैल गेल्यावर म्हणाली, "छान दुखतोय."

२४ एप्रिल, गुरुवार

लेक शनिवारी गेली. नवी नोकरी सोमवारी सुरू झाली. घर रिकामं वाटतंय. हे म्हणाले की त्यांची वाक्यं आता पुन्हा अर्ध्यात राहतात, पण तक्रारीचा सूर नव्हता.

आज तालमीला निघताना फोन वाजला. मी उचलून "बोला" म्हटलं.

"बाबा, आईला द्या ना."

"मीच बोलतेय."

पलीकडे ती हसत सुटली. हसू थांबल्यावर म्हणाली, "ऐक. इथे प्रयोगशाळेच्या मागच्या गल्लीत एक वृंद आहे. काल गेले होते. त्यांनी विचारलं, तुमचा आवाज कोणता?"

"मग तू काय सांगितलंस?"

"खालचा म्हटलं. आईवर गेलाय."

मला उशीर होत होता. घड्याळजी खाली येऊन थांबले होते. तरी मी चपला काढल्या आणि पुन्हा खुर्चीत बसले. "बरं," मी म्हटलं, "तुझा स्वर लाव बघू."